खेळांतले अदृश्य सवंगडी
(नभोवाणीवरील भाषण)

खेळावयास सोबती लागतो, ही गोष्ट फार जुनी आहे. आट्यापाट्यांस, खोखोस आणि हुतूतूस तर गडी हवेतच. परंतु सोंगट्यांचा पट मांडला किंवा पत्त्यांचीं पानें वांटलीं, तरी समोर कोणी तरी बसलेलें असावें लागतें. हा समोर बसलेला कोण, कुठला, कोणाच्या घरचा, हें पूर्वीं विचारावें लागत नसे. तो वाड्यांतला असे, आळींतला असे, निदान शाळेंतला तरी असे. तो सरळ खेळतो कीं रडीचा डाव खेळतो, हेंहि सर्वांस ठाऊक असे. आज आपल्या घरांतील मुलें, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांचे तीर्थरूपहि, मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर जे खेळ खेळतात, त्यांत सवंगड्यांची वाण नाहीं. एकेका डावांत शंभर शंभर गडी उतरतात. पण त्यांतील एकाचाहि चेहरा दिसत नाहीं. पुण्याच्या मुलाचा जोडीदार जकार्त्यांत असेल, सोलमध्यें असेल, किंवा शेजारच्या इमारतींत असेल. तो बारा वर्षांचा मुलगा असेल किंवा चाळीस वर्षांचा गृहस्थ असेल. नांव त्यानें स्वतः घेतलेलें, चित्र त्यानें स्वतः निवडलेलें. अशा खेळांत आपलें, आपल्या मुलांचें आणि आपल्या घराचें रक्षण कसें करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

श्रोतेहो, प्रारंभींच एक गोष्ट स्पष्ट करतों. हे खेळ वाईट आहेत, ते बंद करा, असें सांगावयास मी आलेलों नाहीं. या खेळांत चापल्य लागतें, चौघांनीं मिळून बेत करावा लागतो, हरल्यावर पुन्हां उभें राहावें लागतें. शिक्षणासाठीं परदेशीं गेलेला भाऊ आणि घरीं राहिलेली बहीण शनिवारीं रात्रीं एकाच डावांत भेटतात, हेंहि कांहीं थोडें नव्हे. रस्त्यावर वाहनें आहेत म्हणून आपण मुलांस घरांत कोंडून ठेवीत नाहीं; रस्ता कसा ओलांडावा हें त्यांस शिकवितों. येथेंहि तेंच करावयाचें आहे.

पहिला प्रश्न असा कीं, खेळांत चोरण्यासारखें असतें तरी काय? वडील माणसांस हा प्रश्न पडतो, आणि त्याचें उत्तर माहीत नसल्यामुळेंच तीं गाफील राहतात. खेळणाऱ्याचें एक खातें असतें. त्या खात्यांत त्यानें वर्षानुवर्षें खेळून मिळविलेली पायरी, विकत घेतलेले पोषाख, शस्त्रें आणि नाणीं हीं सर्व सांठविलेलीं असतात. शस्त्रें चित्रांतलीं असलीं तरी त्यांस पैसे खरे पडलेले असतात, आणि कित्येक खेळांत तीं दुसऱ्यास देतां येतात. जेथें देतां येतें तेथें विकतां येतें. आणि जेथें विकतां येतें तेथें चोर आल्यावांचून राहत नाहीं.

स्टीम नांवाची संगणकावरील खेळांची एक मोठी बाजारपेठ आहे. ती चालविणाऱ्या व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीनें २०११ सालीं खेळाडूंस आपसांत वस्तूंची देवघेव करण्याची सोय करून दिली. पुढें डिसेंबर २०१५ मध्यें त्याच कंपनीनें जाहीर केलें कीं, दर महिन्यास सुमारें ७७,००० खातीं चोरांच्या हातीं जाऊन लुटलीं जात आहेत. त्या निवेदनांतील आणखी एक गोष्ट या आंकड्यापेक्षांहि लक्षांत ठेवण्यासारखी आहे. लुटले गेलेले लोक नवशिके किंवा भोळसट नव्हते. त्यांत खेळावरच पोट भरणारे खेळाडू होते आणि रोज देवघेव करणारे मुरलेले व्यवहारी लोक होते. तेव्हां 'आमचा मुलगा संगणकांत हुशार आहे, त्याला कोण फसविणार?' ही समजूत आपण सोडून दिलेली बरी.

हे हुशार लोक फसतात कसे? कुलूप फोडून आंत शिरणारा चोर येथें त्या मानानें कमी. पुष्कळ वेळां चोर दाराशीं येऊन गोड शब्दांत किल्ली मागतो, आणि घरचा मनुष्य ती आपल्या हातानें त्यास देतो. मागण्याच्या रीति ठराविक आहेत. एकदां कळल्या कीं त्या पुढें ओळखूं येतात, म्हणून त्यांतील मुख्य तीन सांगतों.

पहिली रीत लोभाची. 'अमुक पत्त्यावर जा, आपलें नांव आणि पासवर्ड लिही, दहा हजार नाणीं फुकट मिळतील,' असा निरोप खेळांतच येतो. रोब्लॉक्समध्यें त्या नाण्यांस रोबक्स म्हणतात, बीजीएमआयमध्यें यूसी म्हणतात. नांवें निराळीं, आमिष एकच. मुलांस येथें एक साधी गोष्ट समजावून द्यावी. हीं नाणीं आपल्या मोबाइलमध्यें नसतात. त्यांची नोंद खेळ चालविणाऱ्या कंपनीच्या वहींत, म्हणजे तिच्या संगणकावर असते. बँकेंतील आपल्या खात्यावर रस्त्यावरील मनुष्यास जशी रक्कम वाढवितां येत नाहीं, तशींच हीं नाणींहि तिऱ्हाइतास निर्माण करतां येत नाहींत. हें कारण एकदां पटलें कीं 'नको' म्हणून दटावण्याची गरज उरत नाहीं.

दुसरी रीत मैत्रीची. ओळखीच्या मित्राकडून निरोप येतो: 'आमचा संघ स्पर्धेंत उतरला आहे, या दुव्यावर जाऊन मत दे.' दुवा उघडला कीं नेहमींच्या सारखेंच प्रवेशाचें पान दिसतें. तेथें पासवर्ड लिहिला कीं तो सरळ चोराच्या हातीं पडतो. येथें मित्रानें फसविलें असें नव्हे. मित्राचें खातें आधींच चोरीस गेलेलें असतें, आणि आयत्या बिळांत शिरलेला नागोबा त्याच्या नांवानें बोलत असतो. उपाय दोन. मित्रास दूरध्वनि करून विचारावें. आणि दुव्यावरून आलेल्या पानावर पासवर्ड कधींहि लिहूं नये. खेळाचें अॅप आपण स्वतः उघडावें, किंवा पत्ता आपल्या हातानें लिहून जावें.

तिसरी रीत भीतीची. कोणी अनोळखी खेळाडू फार दिलगिरी दाखवून सांगतो: 'माझ्याकडून चुकून तुझ्या खात्याविरुद्ध तक्रार नोंदली गेली. आतां तुझें खातें बंद होईल. या अधिकाऱ्याशीं लगेच बोल.' तो अधिकारीहि त्याचाच साथीदार असतो. तो तपासणीच्या नांवाखालीं मोबाइलवर आलेला आंकडा विचारून घेतो आणि खातें आपल्या ताब्यांत घेतो. खरी कंपनी पासवर्ड किंवा ओटीपी गप्पांच्या खिडकींत कधींच विचारीत नाहीं. जो विचारतो तो कंपनीचा मनुष्य नव्हे, एवढी खूणगांठ बांधून ठेवावी. विश्वास पानिपतांत पडला, असें आपण थट्टेनें म्हणतों. येथें तें अक्षरशः पाळलेलें बरें.

या तिन्ही रीतींत एक समान धागा आहे, तो घाईचा. डाव रंगांत आलेला असतो, गडी हांका मारीत असतात, पडद्यावरून दृष्टि काढतां येत नाहीं; अशा क्षणीं शहाणा मनुष्यहि विचार न करतां 'होय' वर बोट ठेवतो. चोराचें सारें भांडवल ही घाई. म्हणूनच २०१५ च्या त्या जाहीर निवेदनाबरोबर व्हॉल्व्ह कंपनीनें जो उपाय योजिला, तो विलंबाचा होता: ज्यानें मोबाइलवरून देवघेवीस दुसरी संमति देण्याची सोय केलेली नाहीं, त्याच्या खात्यांतून निघालेली वस्तु तीन दिवसांपर्यंत मध्येंच अडवून ठेवावयाची. तेवढ्या अवधींत खऱ्या मालकास चोरी कळून येई. घरींहि असाच नियम करतां येतो. डाव चालू असतां कोणत्याहि दुव्यास हात लावावयाचा नाहीं. डाव संपला, पाणी प्यालें, मग पहावें. पांच मिनिटांनीं तो निरोप निराळाच दिसूं लागतो.

आतां किल्लीविषयीं थोडें सविस्तर बोललें पाहिजे. पासवर्ड म्हणजे आपल्या जुन्या भाषेंतला परवलीचा शब्द. पुष्कळ घरांत एकच शब्द खेळाला, ईमेलला, शाळेच्या खात्याला, एवढेंच नव्हे तर दुकानदारीच्या अॅपलाहि चालत असतो. यांत धोका कोणता, तें एका घटनेवरून कळेल. एप्रिल २०११ मध्यें सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन या खेळयंत्राच्या जाळ्यांत चोर शिरले आणि सुमारें ७ कोटि ७० लाख खात्यांची माहिती उघडी पडली. नांवें, पत्ते, जन्मतारखा, ईमेलचे पत्ते असें सर्व कांहीं त्यांत होतें. तें जाळें तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद ठेवावें लागलें. यांत खेळणाऱ्यांचा कांहींच दोष नव्हता. परंतु असें कोठेंहि घडलें कीं, चोर तेथील नांव आणि पासवर्ड यांच्या जोड्या घेऊन दुसऱ्या हजार दारांवर त्या लावून पाहतात. हें काम यंत्र करीत असल्यामुळें त्यास श्रम पडत नाहींत. एका दाराची किल्ली हरवली म्हणून सारें घर उघडें पडावें, हें मात्र आपण टाळूं शकतों.

तेव्हां प्रत्येक खात्यास निराळा पासवर्ड असावा, आणि तो लांब असावा. चिन्हांची गर्दी करण्यापेक्षां चारपांच असंबद्ध शब्द एकापुढें एक मांडले तर ते लक्षांतहि राहतात आणि ओळखावयासहि कठीण जातात. 'ताम्हण, इंजिन, कोथिंबीर, शनिवार, आगपेटी' अशी मालिका कोणास सुचणार? अर्थात् हीच मालिका कोणी वापरूं नये. ती आतां सर्वांनीं ऐकली आहे. इतके पासवर्ड लक्षांत ठेवणें जमत नसेल तर ते सांभाळणारें विश्वासू अॅप घ्यावें, किंवा सरळ एका वहींत लिहून ती कपाटांत ठेवावी. परदेशांत बसलेल्या चोराचा हात आपल्या कपाटापर्यंत पोंचत नाहीं. मुलांनीं मित्रांस पासवर्ड सांगूं नये, हेंहि याच वेळीं सांगावें. बाराव्या वर्षींची मैत्री तेराव्या वर्षीं मोडूं शकते, आणि पासवर्ड तसाच राहतो.

सर्व किल्ल्यांची किल्ली म्हणजे ईमेलचें खातें. 'पासवर्ड विसरलों' असें कळविलें कीं नवा पासवर्ड करण्याचें पत्र तेथेंच येतें. ज्याच्या हातीं आपलें ईमेल, त्याच्या हातीं आपलें सर्व कांहीं. म्हणून ईमेलचा पासवर्ड सर्वांत बळकट आणि इतर कोठेंहि न वापरलेला असावा. त्यावर दुसरी कडी लावावी, ती दोन टप्प्यांच्या तपासणीची: पासवर्डाखेरीज मोबाइलवरील अॅपमध्यें दिसणारा, दर अर्ध्या मिनिटास बदलणारा आंकडा द्यावा लागतो. मोठ्या खेळांत ही सोय बहुधा असते. ती चालू करावयास दहा मिनिटें लागतात. आजचें भाषण ऐकून आपण एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

किल्ली मागण्याखेरीज चोराचा दुसरा मार्ग म्हणजे भेटवस्तूंतून घरांत शिरणें. भिंतीपलीकडचें दिसेल, नेम चुकणार नाहीं, अशीं लबाडीचीं साधनें फुकट देऊं करणारे पुष्कळ असतात. खेळ अधिकृत दुकानांतून काढला गेला असेल, तर तो बाहेरून उतरवून घेण्याचा मोह होतो. भारत सरकारनें सप्टेंबर २०२० मध्यें पब्जी मोबाइल या खेळावर बंदी घातली, तेव्हां हा मोह किती मुलांस झाला असेल, याची कल्पना पालकांस सहज करतां येईल. अशा फाइलींत खेळाबरोबर दुसरें काय येतें, हें उघड्या डोळ्यांस दिसत नाहीं. लबाडीनें जिंकूं पाहणाऱ्यासच लबाडानें लुटावें, यांत न्याय असेलहि. परंतु संगणक सगळ्या घराचा असतो, आणि त्यांत वडिलांचे बँकेचे कागदहि असतात.

सावध मनुष्यहि येथें सांपडूं शकतो. माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनीं जग उभारण्याचा खेळ मुलांस फार आवडतो, आणि त्यांत भर घालणारे लहान कार्यक्रम हौशी लोक तयार करून वांटीत असतात. त्यांस मॉड म्हणतात. जून २०२३ मध्यें असें उघडकीस आलें कीं, कर्सफोर्ज या सुप्रसिद्ध ठिकाणीं ठेवलेल्या कांहीं मॉडमध्यें चोरीचा कार्यक्रम मिसळलेला आहे. कांहीं निर्मात्यांचीं खातींच चोरांनीं बळकावलीं होतीं. तो कार्यक्रम संगणकांत सांठविलेलीं प्रवेशपत्रें उचलीत असे. एकदां आंत शिरल्यावर वारंवार पासवर्ड विचारला जाऊं नये म्हणून संगणक असें एक प्रवेशपत्र जपून ठेवतो. तेंच चोरीस गेलें तर पासवर्डाची गरजच उरत नाहीं. म्हणून मुलांनीं खेळावयाच्या संगणकावर त्यांचें खातें निराळें आणि मर्यादित अधिकारांचें असावें, नवें कांहीं उतरवून घेतांना वडील माणसाची संमति लागावी, आणि बँकेचे व्यवहार शक्य तर दुसऱ्या यंत्रावर करावे.

याच खेळासंबंधीं आणखी एक घटना सांगितली म्हणजे सुधारलेली आवृत्ति वेळच्या वेळीं घेण्याचें महत्त्व पटेल. नोव्हेंबर २०२१ मध्यें अलिबाबा या चिनी कंपनीच्या सुरक्षा विभागास लॉगफोरजे नांवाच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत मोठें भगदाड सांपडलें. डिसेंबरमध्यें त्याचा बोभाटा झाला, तो प्रथम माइनक्राफ्टमुळें. खेळांतील गप्पांच्या खिडकींत एक विशिष्ट ओळ लिहिली कीं दुसऱ्याच्या संगणकावर हवा तो हुकूम चालवितां येई. समोरच्यानें कांहीं उघडलें नाहीं, कोणास पासवर्ड दिला नाहीं, तरीहि घात. कंपनीनें १० डिसेंबर २०२१ रोजीं दुरुस्त आवृत्ति बाहेर काढली. ज्यांनीं ती लगेच घेतली ते वांचले. 'नवी आवृत्ति आली आहे' हा निरोप कंटाळवाणा वाटतो खरा. पण पुष्कळ वेळां तो दाराची मोडकी कडी दुरुस्त करावयास आलेल्या सुताराचा निरोप असतो.

येथवर आपल्या घराविषयीं बोललों. खेळांतील वैर घराबाहेर किती दूर जाऊं शकतें, याचें उदाहरण २०१६ सालीं जगास पाहावयास मिळालें. माइनक्राफ्टचे डाव भरविण्याच्या धंद्यांत अमेरिकेमध्यें स्पर्धा होती. प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रावर खोट्या मागण्यांचा लोंढा सोडून तें बंद पाडलें कीं त्याचें गिऱ्हाईक आपल्याकडे येतें, असा हिशेब. या हेतूनें विशींतल्या तीन तरुणांनीं मिराई नांवाचा कार्यक्रम तयार केला. त्यानें लोकांच्या घरांतील कॅमेरे, राउटर अशीं लाखों यंत्रें ताब्यांत घेतलीं. कशीं? कारखान्यांतून येतांना त्या यंत्रांवर जो सोपा पासवर्ड असतो, तो मालकांनीं कधीं बदललाच नव्हता. साठांहून थोड्या अधिक ठराविक जोड्या लावून पाहिल्या कीं दारें उघडत. पुढें त्या कार्यक्रमाची रचना जाहीर झाली, इतरांनीं ती उचलली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजीं तिच्या जोरावर झालेल्या हल्ल्यामुळें ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं प्रचंड ठिकाणें अमेरिकेंतील पुष्कळ लोकांस कांहीं तास उघडेनाशीं झालीं. त्या तिघांनीं डिसेंबर २०१७ मध्यें न्यायालयांत गुन्हा कबूल केला. या हकीकतींतून दोन बोध घ्यावे. आपल्या घरच्या राउटरचा मूळ पासवर्ड आजच बदलावा. आणि खेळांत हरवणाऱ्याचें जाळें बंद पाडण्याची धमकी देणें किंवा त्यासाठीं कोणास पैसे देणें हा गुन्हा आहे, हें वाढत्या वयाच्या मुलांस सांगावें. रागाच्या भरांत केलेली ही गंमत नव्हे.

आतां बोलण्याविषयीं. पुष्कळ खेळांत गडी एकमेकांशीं आवाजानें बोलूं शकतात. खेळतांना जीभ सैल होते. 'थांब, आई हांक मारते', 'उद्यां आमच्या शाळेंत परीक्षा आहे', 'बाबा आठवडाभर दिल्लीला गेले आहेत', अशीं निरुपद्रवी वाक्यें एकत्र केलीं म्हणजे ऐकणाऱ्यास मुलाचें वय, शाळा, घरचा पत्ता आणि घरांत कोण केव्हां असतें हें सर्व कळतें. खेळांतील नांवांत खरें नांव, आडनांव, जन्मसाल किंवा शाळा येऊं देऊं नये. आवाजाचें दार कोणासाठीं उघडें आहे, हें खेळाच्या मांडणींत जाऊन पाहावें. ही मांडणी मूळची सुरक्षित असेल असें गृहीत धरूं नये. फोर्टनाइट हा खेळ काढणाऱ्या एपिक गेम्स कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या व्यापार आयोगानें जे आरोप केले, त्यांत हाच एक होता कीं, मुलांच्या खात्यांतहि अनोळखी माणसांशीं बोलण्याची सोय मुळांतच चालू ठेवलेली होती. डिसेंबर २०२२ मध्यें झालेल्या तडजोडींत कंपनीनें एकंदर ५२ कोटि डॉलर देण्याचें मान्य केलें. त्यांपैकीं साडेसत्तावीस कोटि मुलांच्या खाजगी माहितीसंबंधींच्या कायद्याच्या भंगाबद्दल, आणि साडेचोवीस कोटि, खरेदीचीं बटणें फसवीं मांडून लोकांचे पैसे घेतले म्हणून, ते परत करण्यासाठीं.

पैशांची गोष्ट निघाली आहे, तर तीहि पुरी करूं. मुलाच्या खेळाच्या खात्याशीं आपलें कार्ड कायमचें जोडून ठेवूं नये. खर्च करूं द्यावयाचाच असेल तर ठराविक रकमेचें भेटकार्ड द्यावें. संपलें म्हणजे संपलें. प्रत्येक खरेदीस पालकाची संमति लागेल अशी व्यवस्था मोबाइलमध्यें असते, ती चालू करावी. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीं असतो. पैसे घेण्यासाठीं तो कधींहि लागत नाहीं. 'तुझें खातें मी विकत घेतों, एवढा पिन टाक म्हणजे पैसे येतील,' असें म्हणणारा लुटावयास आलेला असतो. आणि पैज लावण्याचें आमंत्रण आलें तर सरळ दूर व्हावें. द्यूताच्या पटावर काय काय गमावलें जातें, हें महाभारत ऐकलेल्या समाजास सांगावयास नको. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें संमत केलेल्या कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली आहे.

श्रोतेहो, आतां सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतों. येथवर सांगितलेल्या कड्याकुलुपांचा उपयोग मोठा आहे. परंतु त्यांनीं एका प्रकारचा मनुष्य अडत नाहीं. समजा, तेरा वर्षांच्या एका मुलीस खेळांत एक सवंगडी मिळाला. तो चांगला खेळतो, तिला सांभाळून घेतो, तिच्या वाढदिवसास एक पोषाख भेट देतो. महिन्याभरानें तो म्हणतो, 'येथें फार गर्दी आहे, आपण दुसऱ्या अॅपवर बोलूं.' मग म्हणतो, 'हें घरीं सांगूं नकोस, त्यांना कळणार नाहीं.' मग एक छायाचित्र मागतो. तें मिळालें कीं त्याचा आवाज बदलतो: 'आणखी पाठव, नाहीं तर हें तुझ्या शाळेंत पाठवीन.' या प्रसंगांत पासवर्ड फुटलेला नाहीं, यंत्रांत रोग शिरलेला नाहीं. त्या मनुष्याजवळ हत्यार एकच आहे: घरीं सांगितलें तर आई रागावेल, मोबाइल काढून घेईल, ही त्या मुलीची भीति. हें हत्यार त्याच्या हातीं आपण दिलेलें असतें.

तें काढून घेणेंहि आपल्याच हातीं आहे. घरांत एक गोष्ट स्पष्ट शब्दांत, आणि कांहीं विपरीत घडण्यापूर्वींच, सांगून ठेवावी: 'खेळांत कोणी फसविलें, घाबरविलें, कांहीं गुपित ठेवावयास सांगितलें, तर येऊन सांग. सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाहीं, आणि मोबाइलहि जाणार नाहीं.' हें वचन दिलें कीं पाळलें पाहिजे. पांचशें रुपये बुडाल्याची कबुली देणाऱ्या मुलास पहिल्याच वेळीं आपण फाडून खाल्लें, तर दुसऱ्या वेळीं तो पन्नास हजारांविषयींहि बोलणार नाहीं. आणि मुलीच्या बाबतींत जें बुडतें तें रुपयांत मोजतां येत नाहीं. ऐकतांना आपला चेहरा कसा होतो, यावर पुढचें सारें अवलंबून असतें.

हें बोलणें सुरू व्हावें कसें? खेळाविषयीं विचारीत जावें. आज कोणता डाव झाला, कोणाबरोबर झाला, तो गडी कसा खेळतो, हे प्रश्न चौकशीसारखे न वाटतां जेवतांना सहज विचारतां येतात. कधीं शेजारीं बसून पाहावें. जमल्यास स्वतः एक डाव खेळून हरावें. आजोबांनीं नातवाकडून हरण्यांत कमीपणा नाहीं, आणि त्या हरण्यांत नातवाच्या दहा मित्रांचीं नांवें कळतात. रात्रीं दार लावून खेळण्यापेक्षां दिवाणखान्यांत खेळावें, हा नियम मोठ्यांसहि लागू केला तर मुलें तो आनंदानें पाळतील.

एवढें करूनहि कांहीं घडलेंच, तर क्रम लक्षांत ठेवावा. प्रथम ईमेलचा पासवर्ड बदलावा, मग खेळाचा. आणि 'सर्व यंत्रांवरून बाहेर पडा' ही सोय वापरावी. यंत्रांत कांहीं शिरल्याचा संशय असेल तर हें काम दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून करावें. निरोप पुसून टाकूं नयेत. पडद्याचीं छायाचित्रें घ्यावीं, तो पुरावा असतो. खेळाच्या कंपनीस तिच्या अधिकृत ठिकाणाहून कळवावें. पैसे गेले असतील तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर दूरध्वनि करावा. पैसे पुढें सरकण्यापूर्वीं ते अडविले जाण्याचा संभव पहिल्या कांहीं तासांतच अधिक असतो. भारत सरकारच्या सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरहि तक्रार नोंदवितां येते. मुलास कोणी धमकावीत असेल तर १०९८ ही मुलांसाठींची मदतवाहिनी आहे, आणि पोलीसहि आहेत. धमकी देणाऱ्यास पैसे किंवा आणखी छायाचित्रें देऊं नयेत. दिल्यानें मागणी थांबत नाहीं, वाढते.

माझा वेळ संपत आला आहे. आज रात्रीं जेवणें झाल्यावर घरांतील सर्वांनीं अर्धा तास एकत्र बसावें. ईमेलला दुसरी कडी लावावी, राउटरचा पासवर्ड बदलावा, मुलाच्या खेळांत आवाजाचें दार कोणाकोणास उघडें आहे तें त्याच्याकडूनच समजून घ्यावें; हीं कामें मुलें आपल्यापेक्षां लवकर करतील आणि आपणांस शिकवितांना त्यांस अभिमानहि वाटेल. त्याच बैठकींत वर सांगितलेलें वचन त्यांस द्यावें. अदृश्य सवंगड्याचा चेहरा आपणांस कधीं दिसणार नाहीं. परंतु त्याच्याविषयीं जें कांहीं वाटेल तें आपल्या मुलानें प्रथम आपणांसच येऊन सांगावें, एवढें तरी आपल्या घरांत असूं द्या.